काकूंची नक्कल

मित्रांनो, या कपाटाचा सर्वांत खालचा खण उघडलात, की वायरींच्या गुंत्यात बोटाएवढा काळा रेकॉर्डर दिसेल. तोच मी. माणसांचे आवाज टिपणे हे माझे काम. आता मला कोणी हातात घेत नाही.

जन्मलो कारखान्यात, पण कामाला लागलो तो एका छोट्या अनुदानामुळे. समाजाचा नव्या पद्धतीने अभ्यास करणाऱ्यांना एक संस्था थोडे पैसे देत असे. ते आमच्या ताईंना मिळाले. त्यांची कल्पना खरोखर चांगली होती. आपण प्रश्न विचारले की माणसे जपून उत्तरे देतात. म्हणून रेकॉर्डर त्यांच्याच खिशात ठेवायचा आणि वाटेल तेव्हा त्यांनीच बोलायचे.

असा मी एका मोठ्या धुलाईखान्यात, इस्त्री करणाऱ्या काकूंच्या खिशात जाऊन बसलो. तिथे दवाखान्यांच्या चादरींचे ढीग यायचे आणि वाफेने भिंतींना घाम फुटायचा.

"माझं नाव कुठे येणार नाही ना?" काकूंनी आधीच विचारले होते. "यांना अंथरुणावरून उठवत नाही. घर माझ्या पगारावर चालतं."

"नावच काय, धुलाईखान्याचंही नाव बदलेन," ताई म्हणाल्या. "आणि नकोसं वाटलं तर सांगा, सगळं पुसून टाकेन."

काकू मुकादमाची नक्कल हुबेहूब करायच्या. सुट्टीत बायका त्यांच्याभोवती जमायच्या. काकू मान ताठ करून, नाकात बोलायच्या, "बोट भाजलं? अरेरे. दाखवा बघू. चादरीला डाग नाही ना पडला?" मग स्वतःच हसायच्या. हसताना त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. ते सारे मी जिवापाड जपले. मला फार अभिमान वाटायचा.

एके दिवशी ताईंनी मला संस्थेच्या बैठकीत नेले. कागदावरची सारी नावे त्यांनी काळजीने बदलली होती. मग, विश्वस्त कंटाळू नयेत म्हणून, त्यांनी मला टेबलावर ठेवून ती नक्कल ऐकवली. सगळे हसले. एक विश्वस्त सर्वांत जास्त हसले. "पुन्हा लावा ना," ते म्हणाले. ताईंनी आनंदाने पुन्हा लावली. त्या धुलाईखान्याचे मालक तेच होते. ताईंनी मालकाला कधी पाहिले नव्हते, आणि नाव बदलल्यामुळे मालकांनाही आवाज ऐकेपर्यंत काही कळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा काकूंच्या खिशात होतो. मालक मुकादमाला घेऊन इस्त्रीच्या टेबलापाशी आले.

"काकू, यांची नक्कल छान करता म्हणे. करा ना."

काकू चादरीवर इस्त्री फिरवत राहिल्या.

"करा. आम्हाला घाई नाही."

काकूंनी ती केली. आवाज फाटला होता. बायका इस्त्र्या उचलून तशाच उभ्या राहिल्या. कोणी हसले नाही. मालकांनी मात्र टाळी वाजवली. "वा. आता हिशेब घ्या आणि घरी बसून करा."

ताई काकूंच्या घरी गेल्या. काकूंनी मला खिशातून काढून त्यांना परत दिले. बसता बसता त्यांनी मला गुडघ्यावर ठेवले आणि सवयीने बटण दाबले. माझा लाल दिवा लागला. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या.

"ताई, तो दिवा बंद करा."

"चुकून लागला हो. मी माफी मागायला आलेय."

"ती पण यात भरताय? सगळं पुसून टाका. आधीचंही."

"कोण आलंय गं?" आतून काकांनी विचारले.

"कोणी नाही," काकू म्हणाल्या.

ताई दिवसभर रडल्या. पण अहवाल द्यायचा होता. तो गेला की पुसू, असे त्यांनी ठरवले. अहवालाचे कौतुक झाले, मोठे अनुदान मिळाले, नवा रेकॉर्डर आला आणि मला या खणात जागा मिळाली. पुसायचे राहूनच गेले.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी माणसांचा अभ्यास करेल. जरूर करा. पण आवाज हा माणसाचा चेहराच असतो, नाव झाकले तरी तो झाकला जात नाही. आणि कधी मला सेल घातलेत, तर ती नक्कल ऐकू नका. लाल दिव्याशेजारी पुसण्याचे बटण आहे, ते दाबून धरा. काकूंनी तसे सांगितले होते. माझे मला ते दाबता येत नाही.