अर्थिंगचं मीठ

आमच्या विचुंबे गावातल्या घरावर तिसरा मजला चढला तेव्हा आमची उघडी माती जवळजवळ संपली. पुढे काँक्रीटचा रस्ता, दोन्ही अंगांना भाड्याच्या खोल्या. मागे एक अरुंद पट्टी उरली, तिच्यात माझा मोठा भाऊ बळीराम वाल लावतो. थंडीत मडक्यात भाजायची पोपटी घरच्याच शेंगांची व्हायला हवी, असा दादाचा हट्ट आहे. वायरिंग करणाऱ्या मिथुनने अर्थिंगचा खड्डाही त्याच पट्टीत घेतला, कारण दुसरीकडे कुदळ मारायला जागाच नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर दादाचा मुलगा प्रणित आणि त्याची बायको दिपिका राहायला गेली. दिपिकाला सातवा महिना होता. गिझर चालू असला की नळाला हात लावताच मुंग्या येतात, असं ती म्हणायला लागली. आम्ही हसण्यावारी नेलं. पोटुशी बाईला सगळंच टोचतं, असं दादा म्हणाला. प्रणितने तिला रबरी चपला आणून दिल्या. मग एका सकाळी ती अनवाणी न्हाणीघरात गेली, ओल्या हाताने नळ धरला आणि हात सुटेना. कशीबशी मागे फेकली गेली आणि भिंतीला घसटत खाली बसली.

दवाखान्यात बाळाचे ठोके नीट लागले. परत आल्यावर मात्र ती जिना चढली नाही. मागच्या ओट्यावर बसून दादाला म्हणाली, "आबा, पयलं बाळंतपण माहेरीच असतं, ते ठीक हाय. पन नंतर बाळ घेऊन मी या घरात येनार नाय."

दादाने लगेच मिथुनला फोन लावला. हे दादाचं पहिलं नातवंड होतं.

मिथुन कोन गावातून आला. त्याने मेन बंद केला, गिझर खोलला. आतली कॉइल फुटून पाण्यात करंट उतरत होता. पण त्याचं समाधान झालं नाही. कॉइल कुणाच्याही घरात फुटते, तो म्हणाला. फुटली की करंटने सरळ जमिनीत जायला हवं आणि खटका पडायला हवा. जमिनीत गेला नाही म्हणून तो नळात थांबून राहिला. तो मागच्या पट्टीत गेला, खड्ड्याचं झाकण उचललं आणि आत पहार खुपसली. वर आला तो कोरडा लाल मुरूम.

"ओल धरून करंट घ्यायला मी पोतंभर खडेमीठ टाकलं व्हतं हितं," मिथुन म्हणाला. "खाल्लं कुनी?"

"मी काढलं," दादा म्हणाला. "वालाच्या मुळाशी मीठ? दुश्मनाच्या वावरातपन कोन टाकत नाय."

मिथुन हसायला लागला होता, पण आमच्यातलं कुणीच हसत नाही हे बघून थांबला. तो नव्या पिढीचा. आमचं शेत खाडीकाठी होतं. एका उधाणाला बांधाला खांड पडली आणि खारं पाणी भातात शिरलं. पुढे कित्येक पावसाळे रोप हातभर वर यायचं, पिवळं पडायचं आणि आडवं व्हायचं. बाबा चिमूटभर माती जिभेवर ठेवून बघायचे, मीठ उतरलं की नाही. आणि मग दादालाही चाखायला लावायचे. बांधाच्या एका बाजूला मिठागरात आम्ही मीठ पिकवलं आणि दुसऱ्या बाजूला त्याच मिठाशी झगडलो. त्यामुळे दादाला कुणी रागावलं नाही. दिपिकासुद्धा नाही.

मिथुनने पिशवीतून एक मीटर काढला. वाफ्यांमधून दूर दूर दोन लोखंडी सळया ठोकल्या, वायरी जोडल्या, बटण दाबलं. आकडा मोठा आला. जमीन करंट घेत नाही, असा त्याचा अर्थ.

"बिगर मिठाची पावडर मिळते," तो म्हणाला. "मागवतो. दोन-चार दिवस जातील."

"आज काय व्हईल?" दादाने विचारलं.

"आज मीठच. पन ह्या बाजूचा वाफा जाईल, काका. खोटं कशाला बोलू."

दादाने ओट्यावर बसलेल्या दिपिकाकडे बघितलं. मग आत जाऊन फावडं घेऊन आला आणि स्वतःच मुरूम उपसायला लागला.

खाली पुरलेली तांब्याची प्लेट उघडी पडली. तिच्याभोवती कोळसा, त्यावर खडेमीठ, पुन्हा कोळसा. मिठाची प्रत्येक ओंजळ दादाने स्वतः टाकली. मी बादल्या ओतत होतो. माती पाणी पीत गेली आणि दर वेळी मिथुनने बटण दाबलं की आकडा उतरलेला दिसायचा. एवढी वर्षं जमिनीवर काढली, पण तिला काही विचारता येतं आणि ती उत्तर देते, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"ह्यो आकडा कुठवरच्या जमिनीचा?" दादाने विचारलं.

मिथुनला प्रश्न कळेना. "कुठवर म्हंजे?"

"आमच्या पट्टीचा, का पलीकडची बिल्डिंग पन आली त्यात?"

"करंटला पट्टी कळत नाय, काका. बिल्डिंगखालची, हायवेखालची, खाडीची, सगळी जमीन एकच."

दादा खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला आणि तळहात ओल्या मातीवर ठेवला. गुंठ्या-गुंठ्याने आम्ही जे विकलं, ज्यावर आता टॉवर उभे आहेत, ते सगळं त्या हाताखालून सलग पसरलेलं होतं. आभाळातली वीजही हीच जमीन पोटात घेते, आणि वर साधी भेगही दिसत नाही.

मिथुनने कॉइल बदलली, करंट गळताच पडणारा नवा खटका बसवला. मग नळाचा पाइप, गिझर, जिन्याचा कठडा, टाकीचा स्टँड, सगळं हिरव्या वायरीने एकमेकांना जोडून खड्ड्यातल्या प्लेटला बांधलं. दोन वस्तूंमध्ये विजेच्या दाबाचा फरक राहिला की माणूस मधे सापडतो, तो म्हणाला; सगळ्या एकत्र बांधल्या की फरकच उरत नाही. त्याने तपासणीच्या यंत्राने मुद्दाम थोडी गळती करून बघितली. डोळ्याचं पातं लवायच्या आत खटका पडला, पंखे थांबले.

खटका पुन्हा वर करून गिझर लावला, तेव्हा दादा अनवाणी न्हाणीघरात गेला. हात भिजवले आणि नळ सोडून तसाच धरून उभा राहिला.

"मीटरनं बघितलंय, काका. हात कशाला लावताय?" मिथुन वैतागला.

"मीटरनं तुजं समाधान झालं. हिचं व्हाया पायजे."

जिन्यावर दिपिका येऊन थांबली होती. कठड्याला हात लावला नव्हता, अंग चोरून उभी होती. दादा वळला नाही. बादली भरली, सांडायला लागली, गरम पाण्याची वाफ त्याच्या तोंडावर येत होती, तरी त्याने हात काढला नाही.

दिपिका उरलेल्या पायऱ्या चढून वर आली. मग चपला दारातच काढून ओल्या फरशीवर आली.

"सरा, आबा," ती म्हणाली. "किती पानी घालवताय."

आणि तिने वाकून नळ बंद केला.