मला मोडकाच घडवलं होतं

मित्रांनो, मी एक जुना मोडका भाला आहे. होतो, म्हणायला हवं. आता मी चांगला धडधाकट आहे, आणि त्याचाच मला भयंकर राग आलाय!

नदीवरच्या पुलाला कमान आहे. कमानीत आमच्या गावाचं मानचिन्ह, म्हणजे एक लोखंडी ढाल, आणि ढालीवर मी. फार पूर्वी मासेमारीवरून दोन्ही काठांची हाणामारी व्हायची. त्यात एका लोहाराचा धाकटा भाऊ गेला. पुढे समेट झाला, पूल बांधला आणि चिन्ह करायचं काम त्याच लोहाराकडे आलं. त्याने मला घडवलं, धार लावली आणि मग ऐरणीवर ठेवून घणाने माझे दोन तुकडे केले. त्याची आई शेजारी उभी होती. "नीट मोड रे," ती म्हणाली, "पुन्हा कुणाला जोडावासा वाटू नये."

चिन्हांनाही बोलता येतं, बरं का. ढालीवर अखंड भाला असला, तर अर्थ असा की आम्ही लढायला तयार आहोत. मोडका असला, तर आमचं लढून झालं, या, बसा. पलीकडची माणसं मला बघूनच निर्धास्त पूल ओलांडायची. माझ्या दोन तुकड्यांमधल्या फटीत चिमण्या बसायच्या. मला काही कमी नव्हतं.

आणि मग आले गावाचे नवे अध्यक्ष! मान वर करून म्हणाले, "छे छे, मोडका भाला? पाहुण्यांसमोर नाक कापलं जाईल आपलं. जोडून टाका."

त्यांची म्हातारी आत्या सोबत होती. "अरे, तो मुद्दामच मोडलाय! समेटाची खूण आहे ती."

"आत्या, तू घरी जा बरं. ऊन लागेल."

झालं. वेल्डरने जोड दिला, वर चंदेरी रंग फासला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली! माझं टोक आता थेट पलीकडच्या काठावर रोखलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पलीकडचे कोळी आले, वर बघून थबकले. "आमच्याकडे टोक करून भाला जोडलाय. काय समजायचं आम्ही?" असं म्हणून ते आल्या पावली परत फिरले. त्यांनी आपल्या बाजूचं फाटक लावून घेतलं.

आत्याबाईंची लेक पलीकडे दिलेली. दर आठवड्याला लेकराला घेऊन यायची. आता फाटकाच्या गजांतून ओरडते, "आई, इकडचे सोडत नाहीत गं!" आणि अध्यक्ष काय म्हणतात, ऐका: "बघा, ते लोक भांडखोरच! बरं झालं, भाला वेळेवर दुरुस्त केला." अरे, काय म्हणावं या शहाणपणाला!

आत्याबाई रोज कमानीखाली येतात. पदराआड लोखंड कापायची एक करवत असते. वर बघतात, हात उंचावतात. हात पोचत नाही. मग भिंतीला टेकून बसून राहतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा, दुरुस्त करा. मी तसलं काही मागत नाही. कुणाच्या घरी उंच शिडी असेल, तर ती घेऊन या आणि आत्याबाईंसाठी घट्ट धरून उभे राहा. जोड कच्चाच आहे. मला पुन्हा मोडा.