विष पिणारा दगड

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी रानबापूंनी सगळ्यांसमोर साप आपल्या मनगटाला चावू दिला आणि सत्तर माणसांचा श्वास एकदम अडकला.

काळपट साप, अंगावर पांढुरके पट्टे. मनगटावर रक्ताचे दोन थेंब. बापूंनी डोळे मिटले, गळ्यातल्या कातडी पिशवीतून एक काळा, गुळगुळीत दगड काढला आणि जखमेवर टेकवला. दगड चिकटला. हात उलटा केला तरी पडेना!

"विष पितोय तो," बापू म्हणाले. "हा दगड विषाची फ्रिक्वेन्सी ओळखतो. पोट भरलं की आपणहून सुटतो. तुमचं विज्ञान जिथं दमतं, तिथून आमच्या पणजोबांचं सुरू होतं."

थोड्या वेळाने दगड खरंच सुटला. बापूंनी तो दुधाच्या वाटीत टाकला. बुडबुडे आले. "बघा, विष ओकतोय!" लोक पाया पडायला धावले. मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांनीही आधी चित्रण संपवलं आणि मग वाकून नमस्कार केला.

मी देवळीच्या शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत गिरडच्या टेकड्यांखाली भरलेल्या या शिबिराला हौसेने आले होते. सात दिवस तंबूत राहायचं आणि आपल्या पणज्यांची कामं शिकायची: गारगोटीतून विस्तव काढायचा, मडकी घडवायची, अंबाडीचा दोर वळायचा. शिबिर भरवणारे श्रीनिवास सर नोकरी सोडून या कामाला लागलेले. माणूस सरळ, पण 'पूर्वजांचं' हा शब्द ऐकला की विरघळायचा. रानबापूंनाही त्यांनीच बोलावलं होतं.

दोर शिकवायला जवळच्याच वस्तीवरच्या धुरपताबाई होत्या. साठी ओलांडलेली, सडपातळ बाई. मांडीवर अंबाडी वळताना त्यांचे हात दिसायचेच नाहीत, नुसता दोर वाढताना दिसायचा. माझा दोर तिसऱ्यांदा सुटला तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, घाई करून राह्यल्या तुमी. धाग्याचं आयका."

बापूंच्या प्रयोगानंतर मी सरांना गाठलं. "तो साप विषारी होता हे कोणी पाहिलं? बिनविषारी असेल तर दगडाने वाचवलं काय?"

"यामिनी, प्रत्येक गोष्टीची परीक्षा घ्यायची नसते," सर हसून म्हणाले.

मी पुन्हा दोर वळायला बसले. तिथेच चुकले.

पाचव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मडक्यांची भट्टी लावायची होती. धुरपताबाई जळणासाठी ढिगातून कापसाची वाळलेली पऱ्हाटी ओढत होत्या. "व माय!" एवढाच आवाज आला. मी वळले. एक जाडसर, तपकिरी साप बांधाकडे सरकत होता. पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या ओळी. घोणस.

त्यांचा मुलगा हरिदास आपल्या मालवाहू गाडीतून माती उतरवत होता. तो धावला. मी ओरडले, "हरिदास, गाडी सुरू कर. समुद्रपूरच्या दवाखान्यात न्यायचं."

पण बापू आधी पोचले. "हलवू नका! हललं की विष चढतं." त्यांनी पावलावर दगड टेकवला. चिकटला. गर्दीतून सुस्कारा निघाला. कोणीतरी दूध आणायला पळालं.

"दवाखान्यात औषध आहे, बापू. इथे नाही."

"दवाखान्यात सुई आहे. इथे श्रद्धा आहे. ताई, अर्धा तास द्या."

हरिदास हात जोडून उभा होता. "मॅडम, परवा सर्व्यांनी पाह्यलं ना? थांबा न थोडं. काऊन भेवाडून राह्यल्या तुमी?"

दगडाच्या कडेने रक्त झिरपत होतं आणि थांबत नव्हतं. घोटा सुजला, मग पोटरी ताठली. धुरपताबाईंनी ओठ घट्ट मिटले होते. दहा मिनिटं गेली. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली.

मग मला राहवेना. बापूंनी गळ्यातून काढून शेजारी ठेवलेल्या उघड्या पिशवीतला दुसरा दगड मी उचलला, ओढणीची पिन काढून बोटाला टोचली आणि रक्तावर दगड टेकवला. हात उलटा करून सगळ्यांना दाखवला. दगड लटकत राहिला.

"बापू, मला कोणता साप चावला?"

बापू क्षणभर चाचरले. पण जीभ सराईत होती. "शहरी अन्नाचं विष आहे ताई तुमच्या अंगात. तेच पितोय तो."

आणि माना डोलल्या!

"मॅडम," धुरपताबाईंचा आवाज आला, बारीक. "एक दगड मले द्या."

मी पिशवीतला कोरा दगड दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, वास घेतला आणि जिभेला लावला. दगड जिभेला चिकटला. तो ओढून काढत त्या म्हणाल्या, "कोऱ्या मडक्याचं खापर जिभेले असंच चिकटते. लहानपनी आमी हाच खेळ खेळो. खापर का विष पेते?" मग हरिदासकडे पाहिलं. "पोट्ट्या, उभा काऊन हायेस? गाडी काढ."

बापू आडवे आले. "मध्येच दगड काढला तर मी जबाबदार नाही."

श्रीनिवास सर पहिल्यांदाच पुढे झाले. त्यांनी बापूंना बाजूला सारलं आणि धुरपताबाईंना उचलायला स्वतः हात लावला. पाय हलू नये म्हणून आम्ही दोन बांबूच्या कामट्या सैलसर बांधल्या. कुठे आवळलं नाही, कापलं नाही. हरिदास गाडी चालवताना मोठ्याने रडत होता.

समुद्रपूरच्या डॉक्टरांनी धुरपताबाईंचं रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं. वीस मिनिटांनंतरही ते गोठलं नाही, पाण्यासारखं पातळच राहिलं; म्हणजे विष भिनलं होतं. ताबडतोब सर्पविषावरचं प्रतिविष सुरू झालं. संध्याकाळी त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. दोन दिवस लघवी जवळजवळ बंद होती. तिसऱ्या दिवशी किडन्या हळूहळू काम करू लागल्या.

शिबिरातून बापू पळाले, सापाची टोपली मात्र राहिली. सरांनी बोलावलेल्या सर्पमित्र रत्नदीपने ती उघडली. "हा कवड्या आहे. विषारी मण्यारीसारखा दिसतो, विष थेंबभर नाही." 'दगड' म्हणजे जाळलेलं हाड, घासून गुळगुळीत केलेलं. त्यात बारीक छिद्रं असतात. ती ओल शोषतात, म्हणून ते चिकटतं. ओल भरली की सुटून पडतं. दुधात टाकलं की छिद्रांतली हवा बाहेर येते, तेच बुडबुडे. कोरडी वीट पाण्यात टाकून बघा, तीही 'विष ओकेल'. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्याची तक्रार सरांनी स्वतः नोंदवली आणि खाली आपली चूकही लिहून दिली.

साप चावल्यानंतर अकराव्या दिवशी मी धुरपताबाईंना भेटायला गेले. पाय अजून काळानिळा होता.

"मॅडम, दगडानं कोनी मरत नाई," त्या म्हणाल्या. "तो बसवून ठेवते, त्यानं मरते."

मला याहून नेमकं सांगता येणार नाही. पणजोबांकडून दोर घ्या, मडकं घ्या, विस्तव घ्या. पण घेताना ओढून बघा, ठोकून बघा. आणि साप चावला तर कोणाच्याही चमत्काराला अर्धा तास देऊ नका. तो अर्धा तास चावलेल्या माणसाचा असतो.