मिकीतेच्या हातची शेवटची लादी

मित्रांनो, मी एक जुने तळघर आहे, आणि आता बुजवलेले आहे. पोटात माती आणि शेवाळ भरल्यामुळे माझा आवाज बसला आहे. सावकाश सांगतो, तुम्हीही सावकाश ऐका.

उत्तरेच्या टोकाला, आमच्या याकुतियात, जमिनीचा वरचा थर उन्हाळ्यात भिजतो, गवत उगवू देतो आणि डास जन्माला घालतो. खालचा थर कधी वितळत नाही. निदान वितळू नये. त्या खालच्या थरात मिकीतेने मला खोदले. तेव्हा तो तरुण होता आणि बाल्बारा नुकतीच लग्न होऊन त्याच्या घरी आली होती. जमीन दगडासारखी कठीण. तो तिच्यावर लाकडे पेटवी, राख बाजूला ओढी, मऊ झालेली वीतभर माती पहारीने उकरी, आणि पुन्हा लाकडे पेटवी. खोल गेल्यावर माझ्या भिंतीत मातीपेक्षा जुना बर्फच जास्त निघाला. मिकीतेने भिंतींवर पाणी शिंपडले. ते लागता लागता काचेसारखे गोठले.

शेजारचा ब्योतुर वरून वाकून बघत होता. "मिकीते, अरे राहायला खोदतोयस की पुरायला?"

"तुझ्या पोटाची सोय करतोय. उन्हाळ्यात ताजे मासे मागत माझ्याच दारात येशील."

तो आला. दर उन्हाळ्यात आला, आणि दर वेळी माझी स्तुती करून मासा घेऊन गेला.

माझ्याजवळ घोड्याचे मांस असे, मासे असत, दुधाच्या गोठवलेल्या चकत्या आणि रानातली आंबट लाल बोरे असत. पण मानाची जागा बर्फाच्या लाद्यांची. हिवाळ्याच्या तोंडाशी तळे गोठले की गावचे पुरुष करवतीने लाद्या कापत. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी पिवळे पडते, म्हणून वर्षभराचा चहा त्या लाद्यांचाच. बाल्बाराला दुसरे पाणी गोड लागत नसे.

आणि माझे अन्न होते थंडी. भर हिवाळ्यात मिकीते माझी दोन्ही झाकणे उघडी ठेवी आणि माझ्या डोक्यावर साचलेले हिम झाडून काढी. मुलगी सास्किलाना त्याच्या मागे मागे फिरे. तो तिला सांगे, "हिम म्हणजे गोधडी असते, सास्का. जमिनीला गोधडी घालायची नाही. तिला उघडंच निजू दे." वसंतात तो मला झाकून वर गवत पसरी. हिवाळाभर पोटभर जेवलेला मी मग उन्हाळाभर उपाशी काढू शकत असे.

अशी माझी पुष्कळ वर्षे गेली. सास्किलाना शहरात शिकवायला गेली. मिकीते वाकला. एका हिवाळ्याच्या तोंडाशी त्याने नेहमीप्रमाणे लाद्या आणून रचल्या, आणि वसंत यायच्या आत तो गेला. टेकडीवर त्याच्यासाठीही जमिनीवर लाकडे पेटवावी लागली. जमिनीतून मला पहारीचे घाव ऐकू आले. ती पहार माझ्या ओळखीची होती.

मग सास्किलाना आली. घरापासून माझ्या तोंडापर्यंतची वाट निसरडी होती आणि आई एकटी. तिने घराला लागून माझ्यावर एक बंद पडवी बांधून घेतली. फळ्यांना आतून जाड लोकर ठोकली, गरम पाण्याची नळीही फिरवली.

ब्योतुर काठी टेकत बघायला आला. "सास्का, बापाच्या तळघराला तू अंथरुणातच घातलंस की!"

"काका, आई घसरून पडली तर उचलायला तुम्ही येणार का?"

"मी पडलो तर कोण येतंय ते आधी बघू दे, मग सांगतो."

सगळे हसले. मुलीच्या मायेत काही खोट नव्हती. बापाने सांगितलेले तिला त्या दिवसांत आठवले नाही, एवढेच. शोकात माणूस ऊब शोधतो. पण मला ऊब हे विष होते. मग हिवाळा आला, पण माझी झाकणे बंदच राहिली आणि मी उपाशी राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात मांस मऊ पडले. ते विजेच्या पेटीत गेले. माझ्याजवळ राहिल्या फक्त मिकीतेच्या लाद्या. बाल्बारा त्या चहाला घेईना आणि हलवूही देईना. ती रोज शिडी उतरून खाली येई आणि लादीवर हात ठेवून उभी राही. "म्हाताऱ्या, चहा टाकलाय वर," एवढेच म्हणे, आणि परत जाई.

वर्ष गेले, दुसराही हिवाळा उपाशी गेला. लाद्या एकेक करून विरघळल्या. माझ्या भिंतीतला जुना बर्फ सुटू लागला, छत पोट काढू लागले. कधीतरी ते कोसळणार, आणि कोसळेल तेव्हा ही बाई खाली असणार, हे मला दिसत होते. मी तिच्या मानेवर थेंब टाकले. तिने मान पुसली.

"तूही रडतोस होय?" ती म्हणाली.

मी रडत नव्हतो, मित्रांनो. मी सांगत होतो.

सुट्टीत सास्किलाना आली तेव्हा घराचे दार उघडायला तिला खांदा लावावा लागला. चौकट तिरकी झाली होती. ती दारापाशी थांबली, तिने पडवीकडे, आपणच जमिनीवर घातलेल्या त्या गोधडीकडे, बघितले, आणि ती सरळ माझ्यात उतरली. शिडीचे पाय चिखलात रुतले होते. मातीचे एक ढेकूळ तिच्या खांद्यावर पडले. वर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आई, आजपासून खाली जायचं नाही. मी हे बुजवून टाकणार आहे."

"तुझा बाप आहे खाली."

"बाबा टेकडीवर आहेत. तूच माती टाकलीस."

"ती माती झाली. लादीवर त्याच्या करवतीचे दात आहेत. हात लावून बघ."

सास्किलानाने अंगावरची शाल काढली. मग म्हणाली, "मी वर आणते ती."

"वितळेल."

"खालीही वितळतेच आहे, आई."

बाल्बारा शिडीकडे वळली. "मग मी उतरते. तुला जमायचं नाही."

"तू शिडी धर. घट्ट धर, आणि हालू नकोस."

शेवटची लादी आता पावाएवढी उरली होती. सास्किलानाने ती शालीत गुंडाळली. माझ्यात छत धरून ठेवायची ताकद नव्हती. जे धरले ते उरल्यासुरल्या गारठ्याने. ती शिडी चढली, आईने तिची बाही पकडून तिला बाहेर ओढले, दोघी अंगणात गेल्या. मग माझे छत बसले. शिडी आत गेली, पडवीची जमीन अर्धी आत गेली. बाल्बारा बघत राहिली. ती रोज जिथे उभी राही ती जागा आता दिसत नव्हती.

अंगणातल्या चुलीवर त्यांनी ती लादी किटलीत वितळवली. रीतीप्रमाणे पहिला घोट चुलीतल्या अग्नीला दिला.

"गोड आहे," सास्किलाना म्हणाली.

"पत्ती कमी टाकलीस. तो ओरडला असता." बाल्बाराने कप पुढे केला. "अजून दे."

पडवी सास्किलानाने स्वतः उखडली. ब्योतुरने माती आणि शेवाळ आणवून मला भरले. जाताना तो पुटपुटला, "पुरायलाच खोदलंस शेवटी, मिकीते."

मी आता कशाच्या उपयोगाचा नाही. पण माझ्या शेजारच्या त्याच गोठलेल्या मातीवर ते घर उभे आहे. म्हणून हिवाळ्यात सास्किलाना शहरातून येते आणि बापाचा झाडू घेऊन माझ्यावरचे हिम झाडते, मग घराभोवतीचे. खिडकीतून आई ओरडते, "टोपी घाल आधी!"

मित्रांनो, जमीन ओरडत नाही. ती दार घट्ट करते, एखादा थेंब टाकते, आणि वाट बघते. गेलेल्या माणसाची वस्तू जपा. पण ती उभी राहील अशी जपा, आणि राहत नसेल तर तिच्याखाली उभे राहू नका.

झाडूचा आवाज थांबला की गारठा हळूहळू माझ्यात उतरतो. घराचे दार अजून घासते. पण लागते.