व्हिजिटर पार्किंगमधला विसावा

मित्रांनो, मी मीरा रोडच्या मिठागरांतला जुना बांध. सध्या एका सोसायटीच्या खाली असतो, त्यामुळे उठून नमस्कार करता येत नाही.

जवळच्या पाड्यातल्या नाथाच्या आजोबांनी मला खाजणाच्या चिखलातून घडवलं, पायांनी तुडवून पक्कं केलं. पुढे नाथा दर पावसाळ्यानंतर माझी डागडुजी करायचा. पाड्यातली माणसं माझ्यावरून बाजारात जायची आणि शेवटी स्मशानातही. मध्यावर विसावा होता. तिथे तिरडी खाली ठेवायची, खांदे बदलायचे आणि बायकांनी तिथूनच माघारी फिरायचं, अशी आमची रीत.

मग शहर वाढलं. गंमत बघा, घरं वाढली आणि वाटा कमी झाल्या. प्रत्येक सोसायटीला एक गेट, बाकी भिंत. शेजारच्या बिल्डिंगमध्ये विरजण मागायला जायचं तर हायवेवरून रिक्षा करावी लागते. फोनच्या नकाशात मात्र मी अजून आहे. डिलिव्हरीवाले भिंतीला नाक लावून उभे राहतात आणि फोनमधली बाई म्हणते, "सरळ जा." लोकांना वाटतं, नकाशा चुकलाय. मी खालून हाक मारत असतो.

यंदा नाथा गेला. त्याची बायको द्वारका हटून बसली: न्यायचं तर बांधावरूनच. तिरडी गेटवर आली.

"कौन से फ्लॅट में जाना है?" वॉचमन कुलदीपने विचारलं.

"याला फ्लॅटमंदी न्हाय जायचं, बाबा," द्वारका म्हणाली. "आत इसावा हाय. त्याबिगर मी माघारी फिरू कशी?"

"आंटी, ॲप में एंट्री के बिना गेट नहीं खुलेगा."

खांदेकरी घामाघूम झाले. तेवढ्यात दादरहून इथे राहायला आलेल्या सुचेताताई खाली उतरल्या. "माझ्या फ्लॅटवर टाक. पाहुणे म्हणून."

कुलदीपने नाव टाकलं. ताईंनी फोनवर 'अप्रूव्ह' दाबलं. गेट उघडलं.

विसाव्याच्या जागी आता व्हिजिटर पार्किंग आहे. तिथल्या दोन स्कूटर सरकवून नाथाला माझ्यावर ठेवलं. मधे काँक्रीट होतं, तरी वजन ओळखीचं लागलं. द्वारकाने त्याच्या पायांना हात लावला, "जा आता," म्हणाली आणि मागे न बघता फिरली. मागच्या भिंतीत कचऱ्यासाठी एक दार आहे. ताईंनी त्याचं कुलूप काढायला लावलं आणि नाथा तिथून पुढे गेला.

त्या दारावर ॲप नाही.

दुसऱ्या दिवशी कुलदीप म्हणाला, "मॅडम, आपका गेस्ट अभी अंदर दिखा रहा है. निकाल दूँ?"

ताईंनी रिकाम्या पार्किंगकडे पाहिलं. "नको. असू दे."

मित्रांनो, भिंती बांधा, चोर असतातच. पण मागचं ते दार वेल्डिंग करून कायमचं बंद करायचं, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये चाललंय. तेवढं करू नका. द्वारकाही आता थकलीय.