तक्त्यावरचा भ

मित्रांनो, डोळ्यांच्या दवाखान्यात खुर्चीसमोरच्या भिंतीवर टांगलेला जुना, पिवळट तक्ता म्हणजे मी. पाट्या रंगवणाऱ्या एका कारागिरानं मला पत्र्यावर हातानं रंगवलं. वरचं अक्षर तळहाताएवढं आणि शेवटची अक्षरं मुंगीएवढी. खालून दुसऱ्या ओळीत त्यानं एक 'भ' काढला. मोठा खट्याळ भ! डोक्यावरची रेघ जराशी तुटलेली, तिथंच इवलीशी गाठ. चांगल्या डोळ्यांना तो भ दिसतो, थकलेल्या डोळ्यांना म.

आता शेजारच्या खोलीत अक्षरं दाखवणारं दिव्यांचं नवं यंत्र आलं आहे. तरी आमच्या डॉक्टरबाई पहिला मान मलाच देतात. माझ्यावरची धूळ मात्र कुणी पुसत नाही, एवढीच माझी कुरकुर.

एकदा एक काका-काकू नेहमीच्या तपासणीला आले. काकू कपडे शिवायच्या. शिवणाचं मशीन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बाकावर बसल्या बसल्या त्या पुटपुटल्या, "डॉक्टरबाई मशीन बंद करा म्हणाल्या, तर मी काय करू हो?"

आधी काका खुर्चीत बसले. एकेक डोळा झाकून त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "ग, म, त, ल." भचा म! मला हसू आलं, पण तक्त्यानं हसायचं तरी कसं? मागे बाकावर काकूंचे ओठ हलत होते.

मग काकूंची पाळी आली. त्यांनी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, "ग, म, त, ल." त्यांची नजर माझ्यावर नव्हतीच, ती शेजारच्या खिडकीवर होती. डॉक्टरबाई उठल्या आणि त्यांनी मला पाठ पुढे करून टांगलं. माझ्या पाठीवर वेगळी अक्षरं आहेत.

"आता हे वाचा."

"वरचं... क आहे का?"

"आणि त्याखालचं?"

काकूंनी मान खाली घातली.

"काकू, ही परीक्षा नाही, तपासणी आहे," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. "इथं कॉपी करून काय मिळणार? आणि केलीत तीही काकांची! त्यांचाच म चुकलाय."

"म्हणजे मीही नापास?" काका ओशाळले. मग त्यांना राहवेना. "खरं सांगू डॉक्टर? जवळचं मला दिसतं, म्हणून हल्ली हिच्या सगळ्या सुया मीच ओवून देतो. मला वाटलं, लाडानं मागते."

काकूंचे डोळे भरून आले. "शिवण बंद करा म्हणणार ना तुम्ही?"

"आधी मला बघू तर द्या!"

डॉक्टरबाईंनी काकूंच्या नाकावर गोल चौकट चढवली. एकेक भिंग बदलत त्या विचारत राहिल्या, "हे बरं, की हे? सारखंच वाटलं तर सारखं म्हणा." मग डोळ्यांतला दाब मोजला. थेंब घातले, ते जरा चुरचुरले. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत काका काकूंचा हात धरून बसले. मग डॉक्टरबाईंनी दिव्याच्या उजेडात डोळ्यांच्या आतला पडदा नीट पाहिला.

"पडदा छान आहे. मोतीबिंदू झालाय. छोटं ऑपरेशन करू, मग मशीन खुशाल चालवा. लपवत राहिला असतात, तर मात्र ते खरंच बंद पडलं असतं. आता थोडा वेळ धूसर दिसेल. काका, हात धरून न्या हं."

"तो धरलेलाच आहे," काका म्हणाले. मला दोघांचं फार कौतुक वाटलं.

काकूंच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यावर दोघं पुन्हा आले. काकांच्या नाकावर नवा चष्मा होता. काकू खुर्चीत बसल्या, माझ्याकडे पाहिलं आणि ताडकन उठल्या. "अगं बाई, केवढी धूळ ही!" पिशवीतली कापडाची चिंधी काढून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पुसलं. मग बसून सावकाश वाचलं, "ग... भ... अहो, हा भ आहे! डोक्यावर गाठ आहे बघा!"

इतक्या आनंदानं माझा भ आजवर कुणी वाचला नव्हता.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासमोर बसाल. घाबरू नका आणि मला पाठ तर मुळीच करू नका. दिसेल ते सांगा, नाही दिसलं तर तेही सांगा. 'भ'ला 'म' म्हणालात, तरी मी रागावणार नाही. तुमचा तो चुकलेला म ऐकण्यासाठीच तर मला इथं टांगलं आहे.