मोरीत पालथा केलेला डबा

नृसिंह डॉक्टरांच्या जिभेला हाड नाही, असं अख्खी मंगळवार पेठ म्हणायची, आणि त्यात खोटं काय होतं? चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे दात उपटले आणि गोळ्या-चॉकलेटांच्या नावानं खडे फोडले. पुढं बायको गेली, दवाखाना बंद झाला. एकुलती एक लेक नंदिनी नागपूरला नांदायला गेली, ती गेल्या सहा वर्षांत माहेरी फिरकली नव्हती. घरात बोलायला माणूस म्हणजे धुण्याभांड्याची झुंबरबाई, तीही तासभर. उरलेला दिवस खायला उठायचा.

एक दिवस टपालानं दंतवैद्यांचं मासिक आलं. त्यात लिहिलं होतं की, कोकोत दात किडणं अडवणारं काहीतरी असावं. प्रयोग उंदरांवरचा, खात्री कुणालाच नाही, आणि साखर घातली की सगळंच मुसळ केरात! पण डॉक्टर वाचता वाचता खुर्चीतून उठलेच.

नंदिनीच्या दहाव्या वाढदिवसाला मामानं मुंबईहून चॉकलेटचा डबा आणला होता. डॉक्टरांनी तो तिच्या मैत्रिणींदेखत मोरीत पालथा केला, वर बादलीभर पाणी ओतलं. "बोळक्या पोरीला कोण करून घेईल?" असंही बोलले. पोरगी रडली नाही. पण त्या दिवसापासून बापाशी कामापुरतंच बोलायला लागली.

डॉक्टरांनी बाजारातून बिनसाखरेच्या कोकोचा डबा आणला. नंदिनीला चार पानी पत्र लिहिलं आणि शेवटी घातलं, 'मे महिन्यात नातवाला घेऊन ये, कोको पाजीन.' वाचून दाखवायला दुसरं कोण? झुंबरबाईनं हातातलं भांडं तसंच धरून सगळं ऐकलं.

"डाक्टर, लेकीला कुणी उंदरांचं लिवतंय व्हय? चुकलो म्हणा की सरळ!"

"तुला काय कळतंय? आणि ती मिसरी सोड आधी. सगळे दात काळे केलेस. ह्या डब्यातला कोको घे, त्यानं घास."

पंधरा दिवसांनी पोस्टकार्डावर उत्तर आलं. 'बाबा, माहिती मिळाली. चॉकलेट मला तेव्हाही फारसं आवडत नव्हतं. मैत्रिणी बघत होत्या, ते लागलं. मेमध्ये जमायचं नाही.'

कार्ड हातात धरून डॉक्टर उभे होते, तोवर परसातून करपल्याचा वास आला. बघतात तर झुंबरबाईनं चूल पेटवून तवा ठेवलेला, शेजारच्या दोघी बायका गंमत बघताहेत, आणि सबंध डबा तव्यावर! मिसरी करायची म्हणजे तंबाखू भाजायची. तसाच तिनं कोको भाजून काळा कोळसा केला होता.

"न भाजता मिसरी कशी व्हईल?" ती हसून म्हणाली.

डॉक्टरांचं डोकंच फिरलं. फडक्यानं तवा उचलून त्यांनी मोरीत पालथा केला. "अक्कल गहाण टाकलीस का गं? जन्माची अडाणी ती अडाणीच!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. झुंबरबाई रडली नाही, आपल्या हातांकडं बघत उभी राहिली. हा चेहरा डॉक्टरांनी ह्याच मोरीपाशी एकदा बघितला होता.

"झुंबरबाई, चुकलो मी," ते त्या दोघींसमोरच म्हणाले.

झुंबरबाईनं तवा उचलून घासायला घेतला. "मी उद्याबी येनारच हाय, डाक्टर. जी येत न्हाई, तिला म्हणा की."

संध्याकाळी त्यांनी नवं कार्ड लिहायला घेतलं. एरवी समासातही बारीक अक्षरात लिहिणारा हा माणूस! 'नंदू, मैत्रिणींसमोर तसं करायला नको होतं. चुकलो,' एवढंच लिहिलं. खाली अर्धं कार्ड कोरं राहिलं. तिथं 'ये' लिहावं असं फार फार वाटलं, पण हात धजेना. कार्ड तसंच पेटीत टाकून ते घरी आले. झुंबरबाई केव्हाच गेली होती.